राखून ठेवलेली नावं

ब्रनो शहराच्या वाचनालयातला लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. दर सोमवारी तो एक यादी दाखवतो: या सॉफ्टवेअर पॅकेजेसची आता कोणालाच गरज नाही, काढून टाकू का? बहुतेक जण न वाचताच 'हो' दाबतात. माझ्या आधी इथे असलेल्या ओताकारनीही मार्चमध्ये तेच केलं. त्या यादीत 'ओताकार' नावाचं पॅकेज होतं. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना पुरलं.

आज यादीत 'रादिम' होतं.

समोर माझा सहकारी रादिम रोहलीक पावाला लोणी लावत होता. "दाब की हो. एवढं काय वाचत बसलीस?"

"तू गप खा."

मी 'नाही' दाबलं आणि आज्ञा दिली: हे मी स्वतः राखून ठेवलंय, काढायचं नाही. यादीतून नाव गेलं. मग इरेला पेटून मी माझंही नाव टाकलं. बघू मला कोण काढतं.

उत्तर आलं: 'द्राहोमीरा' आधीच राखून ठेवलेलं आहे.

मी तर ठेवलं नव्हतं. मी सर्व्हरची नोंदवही उघडली.

राखून ठेवणारा: ओताकार. आज, सकाळी सव्वाआठ.