दीड पानाची गोष्ट

वाचनालयात मुलांसाठी गोष्टीचा तास सुरू व्हावा म्हणून ग्रंथपाल ताईंनी आयांच्या मिनतवाऱ्या करून मुलं गोळा केली होती. उद्घाटनाला आलेल्या अध्यक्षीणबाईंनी एका चिमुरडीला मांडीवर ओढलं, हरवलेल्या अस्वलाची गोष्ट दीड पान वाचली आणि फोटोग्राफरने मान डोलावताच पुस्तक मिटून त्या चहाला गेल्या. "वाचनाने मन मोठं होतं," एवढं जाता जाता कॅमेऱ्याला सांगायला मात्र विसरल्या नाहीत.

त्यांची पाठ वळताच ताईंनी नाक मुरडलं, खुर्ची पुढे ओढली आणि पुस्तक उघडलं. "चला, आता अस्वल घरी कसं पोचलं ते ऐकू या."



चपला शोधता शोधता चिमुरडी म्हणाली, "आता कशाला, ताई? फोटो तर झाले."