सकाळचं पाणी

“सकाळपासून पाणी तेवीस फुटांवरच? नदी रजेवर गेलीय होय?” फोनवर नदीकाठचे आजोबा कुरकुरले.

पूर कक्षातल्या हेमलताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मोजमापं पाठवणारा सर्व्हर रखडला होता, म्हणून संकेतस्थळ सकाळचाच आकडा ताजा म्हणून लोकांना वाढत होतं.

“असू द्या तो आकडा, बाई,” साहेब पुटपुटले. “काहीच दिसलं नाही तर लोक घाबरतील.”

“घाबरू देत. शिळ्या भाकरीनं फार तर पोट दुखतं, साहेब. शिळ्या आकड्यानं गोठ्यातली गुरं दाव्यालाच बुडतील.”

साहेबांनी हात आडवा घातला, तरी बाईंनी संकेतस्थळाच्या माथ्यावर पाटी चढवली आणि आजोबांनाही तीच वाचून दाखवली: “हा आकडा सकाळचा आहे. दावी सोडा, गुरं घेऊन उंचावर जा. आत्ता पाणी किती, ते आम्हालाच माहीत नाही.”