अण्णांच्या कमरेची किल्ली

सकाळी दुधाच्या ऐन गर्दीत सर्व्हर अडून बसला, आणि त्याची किल्ली बसाप्पा अण्णांच्या करदोड्याला बांधून इचलकरंजीला लग्नाला गेलेली. अण्णांच्या ऑफिसात कामाला असलेल्या विद्याश्रीनं त्यांना पुन्हा फोन लावला. कुणीतरी उचलला, बँडच्या गोंगाटात ‘जेवूनच जावा पावणं’ म्हणालं आणि ठेवून दिला.

किल्ली म्हणजे पितळेची नव्हे. पेन ड्राइव्हमधली एक एवढीशी फाईल. क्लाउड हा शब्द तेव्हा कोल्हापुरात कुणाच्या तोंडी बसला नव्हता, पण अण्णांच्या माडीवरच्या ऑफिसातनं गावोगावच्या दूध संस्थांत जमणाऱ्या दुधाचं माप त्या क्लाउडवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या दूरच्या कॉम्प्युटरांवर, चढायचं. गर्दी वाढली की तिथं आपोआप नवे सर्व्हर उभे राहायचे, ओसरली की आपोआप बंद व्हायचे. नवा येणारा प्रत्येक सर्व्हर ही एकच किल्ली ओळखायचा. ‘जिवापाड जपा’ असं बजावून शिवकुमार, म्हणजे हे सगळं उभं करणारा, बंगळूरला निघून गेला.

अण्णा पडले गुळाचे व्यापारी. तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला, हा पेढीचा रिवाज. त्यांनी पेन ड्राइव्हही तिथंच अडकवला. रोज सकाळी विद्याश्रीनं माडीवरनं खाली पेढीवर यायचं, हात पुढं करायचा. अण्णांनी सगळ्यांदेखत गाठ सोडून तीर्थ द्यावं तशी किल्ली तिच्या हातावर ठेवायची. संध्याकाळी परत. काय तो थाट!

गंमत अशी, की शिवकुमारनं त्याच फायलीची एक प्रत ऑफिसातल्या कॉम्प्युटरातही ठेवली होती. विद्याश्रीला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. सांगायला म्हणून ती खाली गेली, पण गाठ सोडताना अण्णांचा खुललेला चेहरा बघितला आणि तिची जीभच उचलेना. तेव्हापासून पेन ड्राइव्ह दिवसभर तिच्या ड्रॉवरमध्ये नुसता पडून असायचा. पुढं अण्णा म्हणाले, “दिवाळीनंतर हे ऑफिस तुझ्या हवाली.” तेव्हाही ती गप्पच बसली. आता किल्ली इचलकरंजीत असताना सर्व्हर उघडला, तर इतक्या दिवसांची लबाडी उघडी पडणार होती. ऑफिसही जाणार आणि अण्णांचा विश्वासही.

तेवढ्यात पन्हाळ्याकडच्या संस्थेचा सेक्रेटरी केरबा फोनवर ओरडला, “बाई, माप चढंना! लोकं किटल्या घेऊन दारात उभी हायती. दूध काय थांबतंय व्हय?”

दूध थांबणार नव्हतं. विद्याश्रीनं देवाचं नाव घेतलं आणि सर्व्हर उघडला. अडलेला बंद केला, दुसरा उभा राहिला, मापं सुरळीत चढायला लागली.

संध्याकाळी अण्णा जिलेबीनं तृप्त होऊन पेढीवर टेकले. ती समोर जाऊन उभी राहिली.

“अण्णा, सकाळी सर्व्हर अडला होता. मी उघडला. किल्ली माझ्या कॉम्प्युटरात पहिल्यापासनं हाय. तुमची मी कधी वापरलीच न्हाय.”

अण्णांनी पानाला चुना लावत मान हलवली.

“ठाऊक हाय. गेल्या पावसाळ्यात आंघोळीच्या येळी त्यो पेन ड्राइव्ह कढत पाण्यात पडला. आतली पट्टीच निघून आली. सांगायची लाज वाटली, म्हणून नुसतं वरचं कवच तुझ्या हातावर ठेवलं. आन् सांजच्याला तू येऊन म्हणालीस, काम झालं अण्णा. तवाच वळखलं.”

विद्याश्रीला हसावं की रडावं कळेना. “मग तेव्हापासनं रोज मला मागायला कशाला लावलंत?”

“चार लोकं बघत्यात की पेढीवर,” अण्णा म्हणाले, आणि पान तोंडात टाकलं. “आन् खरी किल्ली तुझ्यापाशी हाय, म्हणून तर आज निवांत लग्नाला गेलतो.”