सीच्या मॅडमचं पुस्तक

"सी प्रोग्रॅमिंगचं अगदी सोपं पुस्तक दाखवा. पहिल्यापासून सुरू होणारं," सुमेधा म्हणाली.

"कितवीसाठी?" दुकानदार विठ्ठलने विचारलं.

"भाच्यासाठी. सातवीत आहे."

भाचा कसला नि सातवी कसली! पुस्तक तिला स्वतःसाठीच हवं होतं. सुमेधा कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. गणपतीनंतर कम्प्युटरचे सर अचानक नोकरी सोडून गेले. प्रिन्सिपॉलनी स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, "सी कोणाला येतं?" सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. सुमेधाची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची, आणि यंदा फिजिक्सचे तास कमी झाले होते. "मला येतं की," ती म्हणून गेली. कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे!

दोन महिने ती जुन्या सरांच्या नोट्स फळ्यावर उतरवत होती. कंसाला कंस, अर्धविरामाला अर्धविराम. कळत मात्र त्यातलं ओ की ठो नव्हतं. वर्गात पाय ठेवला की एकच धास्ती. आज आपण उघडे पडणार, आणि पुढच्या वर्षी घरी बसणार. म्हणून तर ती शनिवारी दुपारी कल्याण सोडून डोंबिवलीच्या दुकानात आली होती. इथे ओळखीचं कोणी भेटायचं काही कारणच नव्हतं.

"मॅडम! तुम्ही इथे?"

झालं! तिच्याच वर्गातली समीक्षा. सोबत तिचे वडील काळुराम. राहायला शहाडला, कामाला डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत. पहिली पाळी सुटल्यावर त्यांनी मुलीला इकडेच बोलावून घेतलं होतं. दुकान म्हणजे नुसता बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं, आणि बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेत हे दोघं उभे.

"देवच पावला," काळुराम म्हणाले. "मॅडम, परवाच्या चाचणीत हिला सीमध्ये विसातले चार. बोर्डाला असं झालं तर पोरीचं इंजिनीअरिंग बोंबललं. कुठलं पुस्तक घेऊ, तुम्हीच सांगा."

ते चार मार्क सुमेधानेच दिले होते, नोट्सशी अक्षर न् अक्षर जुळवून.

विठ्ठलने काउंटरवर पाच पुस्तकं मांडलीच होती. सुमेधाने त्यातलं सगळ्यात जाड उचललं. मधलंच एक पान उघडलं आणि वाण्याकडे तूरडाळ निरखावी तशी ती मान हलवत राहिली. "हे... हे बरं आहे."

"तुम्ही वाचलंय?"

"म्हणजे, चाळलंय."

"चाळलेलं नको हो मॅडम." काळुरामनी चक्क हात जोडले. "मी आठवी शिकलेला माणूस. मला पुस्तकातलं काय कळतंय? तुम्ही ज्याच्यावरनं शिकलात ना, तेच द्या. डोळे झाकून घेतो."

सुमेधाने पाचही पुस्तकांवरून नजर फिरवली. फक्त बोट ठेवायचं होतं, पाचातल्या कुठल्याही एकावर. काळुराम ते घेऊन गेले असते. समीक्षा त्यात डोकं फोडत बसली असती. आणि नापास झाली असती तर पोरगीच ढ ठरली असती, मॅडम नाही. सुमेधाला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने जाड पुस्तक खाली ठेवलं आणि सगळ्यात पातळ, चित्रांचं पुस्तक हातात घेतलं.

"ह्याच्यावरनं," ती म्हणाली. "पण शिकले नाहीये. आजपासून शिकणार आहे. मला सी येत नाही, काळुरामभाऊ. मी कॉलेजात खोटं बोलले."

विठ्ठल पिशवी काढत होता, तो तसाच थांबला. काळुरामनी आधी सुमेधाकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. आता हा माणूस सोमवारी प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये उभा राहणार, हे सुमेधाने गृहीतच धरलं. आपली नोकरी गेली, संपलं. तिला दुकानातून पळून जावंसं वाटत होतं, पण वाट कुठे होती?

काळुराम मुलीकडे वळले. बोट उगारून दटावल्यासारखे म्हणाले, "समे, आत्ता ऐकलंस ते इथेच विसरायचं. वर्गात कोणाला एका शब्दाने बोलायचं नाही. मॅडमची नोकरी जाईल."

समीक्षाने मान वर केली.

"बाबा, वर्गात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहितेय," ती हळूच म्हणाली. "मॅडमना काढू नये, म्हणून तर सीच्या तासाला आम्ही कोणी काही विचारतच नाही."