घरच्या जागेचा अंदाज

नव्या फेरीचे आकडे फळ्यावर चढले आणि वकीलबाई पुन्हा मागे पडल्या.

"फार मागे?" सासूबाईंनी विचारलं. त्या मोजणीच्या टेबलाशी जाळीला नाक लावून बसल्या होत्या, सुनेच्या प्रतिनिधी म्हणून.

"फार नाही. नदीकाठच्या गावांची यंत्रं अजून उघडायची आहेत, आई."

"तो तर म्हणाला होता तू पडणार. माझ्या पोराचं कधी चुकत नाही गं, तीच तर भीती आहे."

संसदेच्या निवडणुकीचा निकाल होता. बाहेरच्या व्हरांड्यात टीव्हीवर राज्याचा नकाशा एकाच रंगात रंगत चालला होता. सत्ताधारी पक्षाची लाट होती. आणि पडद्यावरच त्या नकाशाशेजारी, नीट भांग पाडून, वकीलबाईंचे यजमान बसले होते. निवडणुकांचे अंदाज बांधणं हा त्यांचा धंदा. लोक त्यांना आकडेबुवा म्हणत. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आजही एकेक जागा ते म्हणाले होते तशीच लागत होती.

प्रचार भरात असताना त्यांनी राज्यातल्या सगळ्या जागांचा अंदाज जाहीर केला होता. त्यात बायकोच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पराभव, मोठ्या फरकाने.' वर्तमानपत्रांनी मथळा दिला, 'घरचा आहेर.' दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या कचेरीतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. "रोज एका ताटात जेवणारा नवराच म्हणतो बाई पडणार, मग आपण कशाला घसा कोरडा करायचा?" असं म्हणून कार्यकर्ते पांगले. मोजणीला बसायलासुद्धा माणूस मिळेना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी बसते. सुई अजून बिनचष्म्याची ओवते मी."

त्या दिवशी जेवताना वकीलबाईंनी नवऱ्याला एकदाच विचारलं होतं.

"अहो, खरंच असं दिसतंय?"

"आकड्यांना नातं नसतं," ते म्हणाले. "तुझ्या बाजूने लिहिलं असतं तर लोक हसले असते."

वकीलबाईंना ते पटलं. राग आलाच नाही असं नाही, पण माणूस कामाशी इमान राखतोय, तर त्याला बोलायचं कसं? "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम केलंत. आता मी माझं करते."

त्यांचं काम साधं नव्हतं. कारखान्याच्या सांडपाण्याने नदीकाठच्या विहिरी नासल्या होत्या. गावकऱ्यांचा खटला त्या वर्षानुवर्षं लढल्या आणि जिंकल्या. पण निकाल कागदावरच राहिला. पाणी तसंच पिवळं, पोरांच्या अंगावर तसेच चट्टे. कारखान्याचे मालक सत्ताधारी पक्षाचे खासदार, आणि आता पुन्हा उमेदवार. कोर्टातला हुकूम जिथे अडतो तिथेच जाऊन बसायचं, असं ठरवून बाई अपक्ष उभ्या राहिल्या होत्या.

मग पायाला भिंगरी लावून त्या काठाकाठाने फिरल्या. गाडी जाईना तिथे चिखल तुडवत गेल्या. आवाज बसला तर हळू बोलल्या, लोक जवळ सरकले. एका पारावर एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचे मालकच म्हणतात तुम्ही पडणार."

"त्यांचं मत एकच आहे, आजोबा. तुमच्या घरात किती?"

पार हसला. कुणीतरी बसायला सतरंजी टाकली.

आता त्याच गावांची यंत्रं उघडत होती. मागचा फरक निम्म्यावर आला. मग आणखी घटला. समोरच्या उमेदवाराचे प्रतिनिधी, सकाळपासून पेढ्यांच्या गप्पा मारणारे, आता बेरजा तपासू लागले. सासूबाई प्रत्येक आकडा बोटाने हवेत लिहून बघत होत्या. शेवटच्या फेरीला वकीलबाई पुढे गेल्या. फरक थोडा होता. समोरच्यांनी आरडाओरडा करून फेरमोजणी मागितली.

"मोजा," वकीलबाई म्हणाल्या. "हवं तर तिसऱ्यांदाही मोजा. मी इथून हलत नाही."

पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जन्मात पहिल्यांदा चुकला मेला!" त्या म्हणाल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

दोघी व्हरांड्यात आल्या. टीव्हीवरचा नकाशा पूर्ण रंगला होता, नदीकाठचा तेवढा एक ठिपका वेगळा.

"साहेब," निवेदिका आकडेबुवांना हसत विचारत होती, "अख्ख्या राज्यात तुमचा अंदाज तंतोतंत. चुकली ती एकच जागा, आणि तीही घरची! हे कसं काय?"

व्हरांड्यातले सगळे वकीलबाईंकडे चोरून बघू लागले. नवरा काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं. नमुना लहान पडला, शेवटच्या दिवसांत कल फिरला, इतकी चूक धरलेलीच असते. वर्षानुवर्षं हेच ऐकत आल्या होत्या त्या.

आकडेबुवांनी समोरचे कागद उगाचच सारखे केले.

"बाकी सगळीकडे आमची माणसं दारोदार फिरली," ते म्हणाले. "लोकांना विचारलं, मगच आकडा लिहिला. त्या एका मतदारसंघात मी कुणाला पाठवलंच नाही."

"का बरं?"

"गरज वाटली नाही. मला वाटलं, उमेदवाराला मी ओळखतो."