थोंगड्रेल पाहिल्यावर

आमच्या त्रोंग्सात त्शेचू उत्सवाच्या शेवटच्या दिवशी पहाटे थोंगड्रेल उलगडतात. भिंतभर उंच रेशमी चित्र! ते नुसतं पाहिलं तरी तोवरची सगळी पापं धुतली जातात. मी नेमकी तीच वेळ साधली. दुसऱ्या दिवशी आपा, म्हणजे माझे वडील, सहलीच्या पाहुण्यांना घेऊन बुमथांगला आणि मग फोब्जिखाचे क्रौंच बघायला निघणार होते, आणि या खेपेला मलाही नेणार होते! आम्ही दोघांनी डोळे भरून दर्शन घेतलं आणि मी लगेच म्हटलं, "आपा, मी गणितात नापास झालेय. आठवडाभर लपवलं."

"म्हणजे दर्शनाच्या आधीच ना?"

"हो ना! धुतलं गेलं ते. आता रागावलात तर तुम्हालाच नवं पाप लागेल."

"छे गं, रागावतोय कशाला?" आपा चक्क हसले. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

"केझांग, तुला सहलीला नेतो म्हणालो होतो ना परवा?" त्यांनी चित्राकडे बघून पुन्हा हात जोडले. "थाप होती ती. तुझ्या बाईंनी निकाल त्याआधीच कळवला होता. तीही धुतली गेली बघ!"