तीन महिन्यांचं पथ्य

ऋतुजानं पिशवीतून डबा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. क्रिएटिनची पावडर. तलवाड्याहून गेवराईपर्यंत एसटीत तिनं तो मांडीवर सांभाळून आणला होता. शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा लहान बाळाची दूध पावडर आहे म्हणून सांगितलं होतं. बाळाच्या वाटेत हाच डबा आडवा आलाय, अशी तिच्या सासरची समजूत होती.

लग्नाला आठ महिने झाले होते. तिचा नवरा सोमेश्वर पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे धावायचा, व्यायामशाळेत जायचा आणि ही पावडर पाण्यात ढवळून प्यायचा. झोपताना मात्र भिंतीकडे तोंड करायचा. पहिल्या महिन्यात एकदोनदा जमलं नाही, त्यानंतर त्यानं प्रयत्नच सोडला. पोटाचं दुखणं माणूस पारावर बसून सांगतो, हे दुखणं उशीलासुद्धा सांगत नाही.

सासूला, दगडाबाईंना, कुणी काही बोललं नव्हतं. पण जन्म मेंढरांमागं गेलेल्या बाईला सांगावं लागत नाही. खुराक वाढला की मेंढा सुस्तावतो, मग मेंढ्यांकडं बघतसुद्धा नाही, असं त्यांनी भाकरी थापता थापता जाहीर केलं होतं. व्यायामशाळेतली पोरंही पावडरीवरून खिदळायची. सोमेश्वर सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडायचा. ऋतुजाला त्याचा भयंकर राग यायचा. कारण समोर दिसतंय, मग माणूस ते सोडत का नाही?

आणि गेल्या आठवड्यात तो खाली बघत म्हणाला होता, "तू माहेरी जा. दुसरं लगीन कर. मी लिहून देतो." तिला न्यायला या, असा फोनही त्यानं तिच्या वडिलांना केला होता. वडील रविवारी येणार होते. आज गुरुवार होता.

डॉक्टरांनी डबा फिरवून लेबल वाचलं. म्हणाले, माल नकली दिसत नाही. असलं क्रिएटिन मटणात, माशांत असतं, आपलं शरीरही थोडं बनवतं. स्नायूंना जोर येतो, एवढंच त्याचं काम. त्यानं पुरुषाची इच्छा मरते असं कुठल्या तपासणीत दिसलेलं नाही, आणि वाढते असंही नाही. पावडरीला दोष देऊन उगाच वड्याचं तेल वांग्यावर काढलं जातंय. मग त्यांनी चष्मा काढला.

"ताई, एकदा फसलं की माणूस पुढच्या वेळी आधीच घाबरतो. बहुतेक वेळा हे भीतीचंच असतं. त्यांना घेऊन या, तपासून बघू."

परतीच्या एसटीत ऋतुजा खिडकीशी बसली. पावडर निर्दोष सुटली होती. म्हणजे दोष आता सोमेश्वरच्या पदरात पडणार होता. डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं, तर तो रविवारचीही वाट बघणार नाही. उद्याच तिला गाडीवर बसवून सोडून येईल. आणि तिला जायचं नव्हतं. भर उन्हात लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन चार कोस चालत येणारा, आईचं लक्ष नसताना हळूच आपल्या ताटातली भाजी तिच्या ताटात सारणारा हा माणूस तिला हवा होता. तिचा जीव जडला होता त्याच्यावर.

घरी गेल्यावर तिनं त्याला गोठ्यामागं बोलावलं.

"डॉक्टर म्हणले, हे पावडरीनंच झालंय. तीन महिने बंद ठिवायची. आन् तवर तुमी जवळ यायचंच न्हाई. आलात तर गुण येणार न्हाई."

सोमेश्वरनं तिच्याकडे निरखून बघितलं.

"डॉक्टर असं म्हणले?"

"म्हणले."

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि तिच्या वडिलांना, रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. दगडाबाईंनी डबा उकिरड्यावर नेऊन पुरला आणि वर दोन धोंडे ठेवले. न जाणो, एखाद्या मेंढ्यानं तोंड घातलं तर काय घ्या.

मग घरात एक गंमत झाली. जवळ जायचंच नाही म्हटल्यावर घाबरायचंही काही उरलं नाही. सोमेश्वर भिंतीकडची कूस सोडून तिच्याकडे वळला. बोलायला लागला. मागच्या भरतीत दोन गुणांनी कसा राहिला, तेव्हा घरी न येता दिवसभर वडवणीच्या स्टँडवर कसा बसून राहिला, हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिचा हात हातात घ्यायचा आणि तसाच झोपून जायचा. सातव्या आठवड्यात पथ्य मोडलं. आधी कुणी मोडलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

ऋतुजा सुखात होती, पण ते खोटं तिला आत कुठंतरी टोचत होतं. भरतीची मैदानी चाचणी तोंडावर असताना त्यानं तिच्या शब्दाखातर पावडर सोडली होती. तीन महिने सरले तेव्हा दोघं कपिलधारला देवाला गेली. दर्शन झालं. धबधब्याखालच्या पाण्यात पाय सोडून बसल्यावर तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. आता हा उठून जाईल, असंच तिला वाटलं.

सोमेश्वर उठला नाही.

"मला ठावं होतं. तुज्या आदी मीच बीडच्या डॉक्टरकडं गेलतो. पावडरीचं काई न्हाई, असंच ते बी म्हणले. मंजी खोट माज्यातच, आसं वाटलं. मंग म्या तुला जा म्हणलं."

ऋतुजानं दचकून वर पाहिलं. "मंग माजं खोटं कावून मानलं तुमी?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "जिला जायचं असतं, ती असं खोटं बोलत न्हाई."